न लागणारं काढून टाकणारा

परळच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला जास्तीचं काही सहन होत नाही. उसळीवरची कोथिंबीर तो पान न् पान वेचून बाजूला काढतो. नव्या शर्टाच्या कॉलरमागचं लेबल त्याच दिवशी उसवतो.

आम्ही वेबसाइट बनवतो. एका मिठाईवाल्याच्या साइटवर प्रत्येक मिठाईचा फोटो एका चौकटीत दिसतो. त्या चौकटीचा रंग, आकार ठरवणारा कोड वर्षानुवर्षं साचला होता. हा प्रत्येक ओळीला पोटभाडेकरूसारखं दरडावायचा, "तू कोणाकडे आलीस? इथे कोण ओळखतं तुला?" मग सगळी साइट शोधायचा. ती ओळ कुठेच वापरात नसली की उडवायचा.

"अर्धा कोड फुकटचा राहत होता रे," तो समाधानाने म्हणाला.

गणपतीच्या आदल्या दिवशी मिठाईवाल्याचा फोन आला. साइटवर मोदक इतका मोठा झाला होता की त्याच्यामागे ऑर्डरचं बटणही दिसत नव्हतं. मोदकाची चौकट फक्त गणपतीतच लागायची, आणि ती यानेच उडवली होती. चहा घेऊन आलेल्या काकांनी स्क्रीनला हात जोडले.

"अरे, मखरपण वर्षभर माळ्यावरच असतं ना," मी म्हणालो.

काढलेलं सगळं त्याने निमूट परत आणलं.

परवा जेवताना त्याने नेहमीसारखी कोथिंबीर बाजूला काढली. थोडा वेळ तिच्याकडे बघत बसला आणि परत उसळीत ढवळली.