चार ओळींत न मावलेलं दुकान

कंपनीत त्याला सगळे 'टेक सर' म्हणत. थोरल्या भावाच्या घरी मात्र तो अजून चटक्याच होता. शाळकरी वयात दादाच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात त्यानं पहिल्याच दिवशी सोल्डरिंगची गन भलत्या टोकाला धरली, बोटं भाजून घेतली आणि दादानं तिथल्या तिथं बारसं उरकून टाकलं.

दुकान कसलं, जिन्याखालची खोली. ताठ उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. तिथंच चटक्या तारा सोलायला शिकला, बिघाड शोधायला शिकला आणि कुणीतरी टाकून दिलेल्या कॉम्प्युटरवर पहिला प्रोग्रामही तिथंच लिहिला. दादाचं एकच पालुपद: "आधी ऐक. यंत्र कुठं कण्हतंय ते ऐक. पेचकस मग." कॉलेजची पदवी, मोठ्या खुर्च्या हे सगळं नंतरचं. आता तोच हाताखालच्या पोरांना सांगायचा, "आधी ऐका रे." पोरांना वाटायचं, सरांनी कुठल्या तरी जाड पुस्तकातून उचललंय.

कंपनीच्या साइटवर नवं पान होणार होतं. वरच्या साहेबलोकांचे फोटो आणि प्रत्येकाखाली चार ओळी: कुठून आला, काय काय केलं. चटक्यानं हे दादाला सांगितलं तेव्हा दादा अंथरुणालाच खिळला होता. डोळे तर साखरेच्या आजारानं आधीच नेले होते.

"पहिली ओळ तुझ्या दुकानाची, दादा. शब्द देतो."

"माझ्या दुकानाची? अरे, तुझे साहेब हसतील."

"हसू देत."

तेवढ्यावर दादानं दोन घास जास्त खाल्ले. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली, "ह्यांचं दुकान छापून येणार आहे."

कंपनीची रीत अशी, की मजकूर भर मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचायचा आणि ज्याचा त्यानं 'चालेल' म्हणायचं. वाचायला ओळखवाली बाई. सगळ्यांच्या ओळखी हीच लिहायची आणि विमानतळावरच्या सूचनेच्या सुरात वाचायची. हिशेबाचे साहेब, टोपणनाव चाळणी, एकेक शब्द चाळून बाहेर सोडत: "परदेशातली... बँक... आधी घ्या. बाकी... मग." मोठे साहेब स्वतःच्या चार ओळी ऐकताना बरोबरीनं ओठ हलवत होते, दोन विद्यापीठांपाशी तर त्यांनी डोळेच मिटले.

मग चटक्याची पाळी. "अभियांत्रिकीची पदवी घेऊन कारकिर्दीस प्रारंभ..." बाई थांबली. "त्याआधीचं काही राहिलंय का, सर?"

दुकान अगदी जिभेवर आलं होतं. पण टेबलाभोवती कसे इस्त्री केलेले चेहरे! चाळणीसाहेब पेनाचं टोपण उघडमीट करत होते. बँक, विद्यापीठं आणि त्यांच्या पंगतीला जिन्याखालची खोली?

"नाही," तो म्हणाला. "चालेल."

संध्याकाळी तो दादाकडे गेला. वहिनी मटार सोलत बसली होती.

"आलं का रे पान? वाच की," दादा उशीवर कोपर टेकवून उठायला लागला.

चटक्यानं मोबाईल काढला. पानावर पदवी होती. त्यानं घसा साफ केला आणि ओळखवाल्या बाईचा सूर लावून वाचल्यासारखं केलं: "जिन्याखालच्या दुकानात, थोरल्या भावाच्या हाताखाली ते यंत्राचं ऐकायला शिकले. पुढचं सगळं तिथून सुरू झालं." त्या सुराला दादा खदखदून हसला. हसता हसता खोकला, खोकता खोकता रडला.

"जिन्याखालचं असंही लिहिलंय?"

"लिहिलंय ना."

"पुन्हा वाच. हळू वाच. हिलाही नीट ऐकू दे."

चटक्यानं मोबाईल पुन्हा डोळ्यांपुढं धरला. पानावर असतं तर पुन्हा वाचता आलं असतं. "थोरल्या भावाच्या दुरुस्तीच्या दुकानात... त्यांनी... कामाचे पहिले धडे गिरवले..."

मटार सोलणारे हात थबकले. वहिनीनं त्याच्याकडे पाहिलं, मग दादाकडे. दादाचं हसू तसंच राहिलं होतं, नुसती मान थोडी कलली होती. बिघडलेला रेडिओ कानाशी धरल्यावर कलायची तशी.



"चटक्या," दादा अगदी हळू म्हणाला, "आधीचं जास्त चांगलं होतं. तेच ठेवायला सांग त्यांना."

"सांगतो."

"आणि जेवून जा."

पुढच्या आठवड्यात दादा गेला.

कामावर परतल्या दिवशी चटक्या आधी ओळखवाल्या बाईच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. पहिली ओळ बदलायचीय, दुकान घालायचंय, असं कसंबसं म्हणाला. नियम, मंजुरी, चाळणीसाहेब, सगळ्यांशी भांडायची तयारी करूनच आला होता तो.

"एवढंच ना, सर?" बाईनं पान उघडलंसुद्धा. तिचा घरचा आवाज त्यानं आज पहिल्यांदा ऐकला. साधा, जरासा बसका. "त्याच दिवशी सांगायचंत की! माझे वडील शिवणकाम करायचे. मला तर आवडलं असतं लिहायला. सांगा, काय लिहू?"

त्यानं तोंड उघडलं. जिन्याखालच्या... हाताखाली... पुढं? दादाला आवडलेलं ते वाक्य घाबरलेल्या घशातून निघालं होतं, तसंच निघून गेलं होतं. दुसरं, दादानं नाकारलेलं, तेवढं शब्दन् शब्द पाठ होतं.

"सर?" बाईची बोटं कीबोर्डवर थांबलेली. "आधीचं काय होतं तुमच्या मनात?"

तो मान कलती करून उभा राहिला. ऐकत राहिला.