धारेवरून बसून जाताना

दोन गडांना जोडणारी डोंगरधार एका जागी उंबऱ्याएवढी अरुंद होते. दोन्ही अंगांना सरळ दरी. आमच्यातले बाकीचे उभ्यानेच पलीकडे गेले. मागे राहिलो मी आणि सुनंदाताई. खालून वळसा घालून जाणारी सोपी वाट होती. मी त्या वाटेकडेच बघत होतो.

सुनंदाताई मात्र धारेवर चक्क बसल्या. दोन पाय दोन बाजूंना सोडून, हातांवर भार देत त्या पुढे सरकू लागल्या.

"ताई, घोडं बरं मिळालं तुम्हाला," पलीकडून संदीप ओरडला.

"गरीब आहे बिचारं, लाथा मारत नाही," सरकता सरकता त्या म्हणाल्या आणि पोचल्यासुद्धा.

मला माझं कॉलेज आठवलं. आमच्या घरातून तिथे गेलेला मी पहिलाच. शब्दकोशात बोट घालून एकेक ओळ वाचायचो, तेव्हा मागच्या बाकावर अशीच थट्टा व्हायची. पदवी मिळाल्यावरही वाटत राहिलं, आपलं पोचणं जरा कमी प्रतीचंच. का म्हणून? आईवडिलांनी आणि गावाकडच्या सरांनी मला धाडलं होतं ते पोचण्यासाठी, ऐटीत चालून दाखवण्यासाठी नव्हे.

मी धारेवर बसलो. कातळ तापला होता.

"तुलापण घोडं का रे?" संदीपने विचारलं.

"हो. आणि मध्ये उतरणार नाही."

पलीकडे उभा राहिलो, तेव्हा पँट मागे फाटली होती. शर्ट बाहेर काढून झाकता आली असती. मी शर्ट खोचलेलाच ठेवला आणि सगळ्यांच्या पुढे चालू लागलो.