हकीमसाहेबांचा युनान

माझ्या नावापुढे बी.ए. ही अक्षरे लागली ती हिंगोलीच्या हकीमसाहेबांमुळे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी गावची शाळाही पुरी केली नव्हती. म्हणून आठवण लिहायची तर पहिली त्यांची.

नाडी पाहताना ते रोग्याकडे पाहत नसत. तीन बोटे मनगटावर, मान किंचित वाकडी आणि नजर समोरच्या भिंतीवर. भिंतीला शाळेच्या जुन्या नकाशातून कापलेला ग्रीस देश, म्हणजे त्यांचा युनान, चिकटवला होता. निळ्या समुद्रात सांडलेल्या तुरीसारखी ती बेटे. नाडी झाली की म्हणत, "युनानात ऊन लै, पण घाम येत न्हाई." रोग्याला वाटे, आपल्या तापाबद्दलच काही सांगताहेत. तो मान हलवी.

आपल्यापैकी पुष्कळांनी असा माणूस पाहिला असेल, ज्याचे अर्धे मन कायम प्रवासाला निघालेले असते. हकीमसाहेब पूर्णा जंक्शनाच्या पलीकडे कधी गेले नव्हते, पण मुंबईची गोदी, सुएझचा कालवा, पोर्ट सैदला बदलायचे जहाज, सारे त्यांना पाठ होते. ज्या देशातून आपली विद्या आली तिथे दोन महिने सैर करायची, हा त्यांचा बेत. बेटांवर उन्हात बसायचे आणि जुन्या हकिमांचे पडके दवाखाने पाहायचे.

जवळच्या गोरेगावचा एक शेतकरी पोटदुखीसाठी येई. तो एकदा म्हणाला, "पडके दगड पाह्यला इतक्या दूर काहून जाऊन राहिले, हकीमसाब? आमच्या वावरात लै पडलेत."

"तुझ्या दगडावर बसून कुणी किताब लिहिली न्हाई ना, बापू."

"बैल बसतो."

"मंग त्याला विचार तुझ्या पोटाचं," हकीमसाहेब म्हणाले आणि पुडी बांधू लागले.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन टपालकचेरीत कारकून होतो. इंग्रजी लिहिणारी माणसे गावात मोजकीच. एका दुपारी हकीमसाहेब खिडकीपाशी आले आणि म्हणाले, "मुन्शी, एक खत लिहायचं हाय. युनानच्या बड्या हकिमाला." मजकूर असा, की मी हिंगोलीचा आपला एक शागीर्द असून दर्शनाला येऊ इच्छितो, आठ दिवस उतरायला जागा मिळावी, जेवणाची तकलीफ देणार नाही, तूरडाळ सोबत आणीन. त्यांची अशी पक्की समजूत होती, की युनानात गल्लोगल्ली युनानी दवाखाने असणार. मी जमेल तसे इंग्रजी करून पत्र टाकले. त्याला उत्तर आले नाही. मुंबईच्या जहाज कचेरीला लिहिले होते, तिचे मात्र आले. लढाई सुरू झाल्याने त्या बाजूचे प्रवासी घेत नाहीत.

"संपंल लढाई," ते म्हणाले. "तोवर तू शिकून घे."

हे त्यांनी वरवर म्हटले नव्हते. पुढच्या आठवड्यात ते बैलगाडीने आमच्या गावी गेले. माझे वडील खळ्यात होते. ते म्हणाले, "पोरगं सरकारी खुर्चीवर बसलंय. ते सोडून हैदराबादला काहून धाडावं?"

"पाटील, नाडी पाहू द्या."

वडिलांनी हात पुढे केला. हकीमसाहेबांनी बराच वेळ बोटे ठेवली. "तब्येत बराबर हाय. अजून दहा वर्षं नांगर धरताल. तवा पोराच्या पगाराची घाई न्हाई."

वडील हसले, आणि तिथेच माझे जाणे ठरले. हैदराबादला हकीमसाहेबांच्या मामेबहिणीच्या घरी मी चार वर्षे राहिलो. त्यांनी माझ्यासाठी चूल वेगळी मांडून दिली होती, आणि माझे ताट रिकामे तर नाही ना, हे त्या पडद्याआडून विचारत.

कॉलेजात इतिहासाच्या प्राध्यापकांकडून मला कळले, की ग्रीसमध्ये आता युनानी वैद्यक कोणालाच ठाऊक नाही. तिकडचे लोक इंग्रजी औषधे घेतात. सुट्टीत आलो तेव्हा भीत भीत मी हे सांगितले. हकीमसाहेबांनी खल थांबवला.

"एकबी हकीम न्हाई?"

"नाही."

"मंग तर गेलंच पाहिजे. त्यांची चीज त्यांना दाखवून यावं लागंल."

त्या दिवशी ते मला कयाधू नदीच्या काठी घेऊन गेले. बाभळींवर पिवळी अमरवेल माजली होती. तिच्या दोऱ्या काढता काढता ते बोलू लागले. त्यांच्या लग्नाला सहा वर्षे झाली तेव्हा बेगम एकाएकी बोलायच्या थांबल्या. दुखणे नाही, ताप नाही. चुलीपाशी बसत आणि भाकर करपली तरी पाहत राहत.

"किताबात दवा हाय. अफ्तीमून. अशीच वेल, पण क्रीटच्या बेटावरची. खाली लिहिलंय, ती नसंल तर हिंदुस्थानी अमरवेल द्यावी. मी दोन वर्षं हीच दिली. ती गेली. एक लफ्ज न बोलता गेली." त्यांनी दोरी बोटाला गुंडाळली. "नसंल तर. हे दोन लफ्ज, मुन्शी, तीस वर्षं झाली, डोक्यातून जाऊन न्हाई राहिले. मला सैरबिर काही करायची न्हाई. ती वेल एकदा जिभेवर ठेवायची हाय. कडू किती, तेवढं पाहायचं. मंग मला समजंल."

लढाई संपली, तेव्हा युनानातल्या लोकांची आपसातच लढाई सुरू झाल्याचे वर्तमानपत्रात आले. मी पत्राने कळवले. त्यांचे उत्तर एका ओळीचे होते: "मंग तिथं आन् इथं फरक तरी काय?" कारण आमच्याकडेही दिवस फिरले होते. हिंदू-मुसलमान एकमेकांना वेळ पाहून सलाम करू लागले होते.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मी हैदराबादला शाळामास्तर होतो. त्यांचे कार्ड आले. अक्षर पार वाकडे झाले होते. "पाय चालत नाहीत. युनान आता होत नाही. तू शिकलेल्या लोकांत आहेस. कोणाला विचारून लिही, खरा अफ्तीमून असता तर ती बोलली असती का? मला बरे वाटेल असे लिहू नकोस. खरे लिही."

त्याच आठवड्यात मी कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना भेटलो. त्यांच्या कपाटात विलायतेहून आलेल्या वाळल्या वनस्पतींचे कागद होते. त्यांतल्या एकावर ती वेल होती. मी चाखून पाहू का म्हणालो, तर त्यांनी कागदच ओढून घेतला. किडीसाठी विष लावलेले असते म्हणाले. आणि माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले. ही काय आणि ती काय, बहिणी-बहिणीच. असल्या आजारात माणसाला बोलते करण्याचे बळ दोन्हींत नाही.

उत्तर हातात होते, पण मी लिहीना. लिहावे तर त्यांचा स्वतःवरचा आरोप सुटत होता. पण त्याचबरोबर, ज्या वेलीच्या पुड्या त्यांनी जन्मभर बांधल्या तिचाही निकाल लागत होता. मी लिहिले आणि फाडले. असे तीन महिने घालवले. श्रावण सरत आला तेव्हा एकदाचे पत्र टाकले. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, टपाल बंद पडले, आणि पुढे बऱ्याच दिवसांनी माझेच पत्र माझ्याकडे परत आले. पाकिटावर लिहिले होते, मालक गाव सोडून गेले.

मी हिंगोलीला गेलो. गल्लीतल्या चार घरांना कुलपे होती, त्यांत दवाखानाही होता. समोरचा कासार म्हणाला, "लै थांबवलं आमी. म्हणलं, तुमाला कोण हात लावतंय? पण नात्यातली दोन पोरं आली, त्यांनी टांग्यात घालून नेलं. कुठं चालले म्हणून विचारलं, तर युनानला म्हणले." मग तो म्हणाला, "जायच्या आधी रोज टपालवाल्याला विचारायचे."

मी हैदराबादला, परभणीला, जिथे जिथे त्यांचे कोणी होते तिथे विचारले. मामेबहिणीचे घरही रिकामे झाले होते. पुढचे मला काही कळले नाही. परत आलेले ते पत्र अजून माझ्यापाशी आहे. ते उर्दूत होते. मराठीत ते असे:

"हकीमसाहेबांना सलाम. उशीर झाला, तो माझ्या भित्रेपणामुळे. आपण खरे विचारले म्हणून खरे लिहितो. त्या बोलल्या नसत्या. क्रीटची वेल मी डोळ्यांनी पाहिली. आपल्या वेलीहून बारीक आणि तांबूस आहे, पण जाणत्या माणसाने सांगितले की गुण तिच्यातही नाही. आपल्या हातून काही कमी पडले नाही. दोन वर्षे आपण रोज त्यांच्यापाशी बसलात, त्याहून मोठी दवा माझ्या पाहण्यात नाही. आता त्या वेलीसाठी युनानला जायचे कारण उरले नाही. म्हणून आपण दोघे नुसते फिरायला जाऊ. जहाजात पायांचे काम नसते. दिवाळीच्या सुट्टीत येतो, तेव्हा नकाशा भिंतीवरून काढून ठेवावा. तूरडाळ मी आणीन. आपला मुन्शी."