चार्ट थांबला होता, मिरची नाही

मंडळी, आमच्या दोंडाईच्याच्या मिरची गोदामाचे मालक नाना खिडकीपेक्षा एक्सेलच्या चार्टवर जास्त विश्वास ठेवतात.

आज सकाळी चार्ट बघून म्हणाले, "आवक बंद शे. देठ खुडणाऱ्या बायास्ले सांगी दे, उद्यापासून येऊ नका."

बाहेर टेम्पो खाली होत होता. नोंदीही रोज वाढत होत्या, फक्त चार्ट ज्या ओळी वाचतो ती रेंज गेल्या आठवड्यातच अडकली होती.

मी सगळ्या नोंदींचं टेबल केलं, चार्ट त्याला जोडला आणि आजची आवक भरली. रेघ आपोआप पुढे सरकली, वरही चढली.

नाना म्हणाले, "मग बायास्ले लवकर बोलाव."

बायकांना यातलं काहीच माहीत नाही. मी मात्र दुपारपासून छाती काढून फिरतोय.

तुमच्याकडचा चार्ट कुणाच्या रोजगारावर बसलाय, बघितलंय का कधी?