माझ्या नावाचं भांडं आणायला अड्याळला

भावाच्या घरी माझी भांडी आणायला गेले आणि तिथे गेल्यावर लक्षात आलं, की माझी म्हणावीत अशी भांडीच नाहीत.

आधी खुलासा करते, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये माझ्या भावाला झोडपून काढाल. मला घरातून कोणी काढलं नाही. भाच्याचं लग्न ठरलं, घरात खोल्या तीन, त्यातली एक माझी. ती रिकामी झाली तर सगळ्यांचीच सोय होणार हे कळण्याइतकी अक्कल मला आहे. कोणी जा म्हणालं नाही. मी जाते म्हटल्यावर राहा असंही कोणी म्हणालं नाही. तेव्हा एकोणपन्नासाव्या वर्षी नागपुरातच एका खोलीचा फ्लॅट भाड्याने घेतला.

वहिनी मनाची मोकळी आहे. "लागतील ती भांडी घेऊन जा ना ताई," म्हणाली. मी फळीवरून एकेक भांडं काढायला लागले. प्रत्येकावर नाव. वहिनीच्या मावशीकडून, वहिनीच्या काकांकडून, आईच्या लग्नात तिच्या मामांकडून, भाच्याच्या बारशाला शेजाऱ्यांकडून. आपल्याकडे भांडी लग्नात येतात आणि त्यांच्यावर कोणाकडून कोणाला ते कोरलेलं असतं. माझं लग्न झालं नाही, म्हणून भांडीही आली नाहीत. गंमत म्हणजे मी मात्र पंचवीस वर्षं लग्नांना भांडी देत आले. 'सुनंदाकडून' असं कोरलेली भांडी अर्ध्या नागपुरात निघतील. मी फळी पुन्हा लावून टाकली आणि रिकाम्या पिशव्या घेऊन परत आले.

तेव्हा ठरवलं, की माझ्या नावाचं एक तरी भांडं घ्यायचं. हा ब्लॉग नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे, मी नवं काही विकत घेत नाही. साडीपासून कपाटापर्यंत सगळं जुन्या बाजारातलं. भांडंही जुनं, पितळेचं, एका माणसाच्या भाताला पुरेल एवढा गंज. (गंज म्हणजे आमच्या विदर्भातलं पातेलं. पुण्याकडच्या मंडळींनी लोखंडाला चढणारा गंज डोळ्यांपुढे आणू नये.) आणि पितळ म्हटलं की भंडारा.

शनिवारी सकाळी एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, दीड-पावणेदोन तास लागतात, रस्ता चांगला आहे. पिशव्या तीन घेतल्या होत्या, त्यात वर्तमानपत्राचे कागद, एक लोहचुंबक आणि पाण्याची बाटली. कशाला ते पुढे सांगते. शेजारच्या बाईंनी मौद्यापर्यंत माझी संपूर्ण चौकशी केली आणि शेवटी "एकट्याच?" असं विचारलं. पुढच्या दोन दिवसांत हा प्रश्न मला पाच वेळा विचारला गेला. मी मोजले.

भंडाऱ्याला उतरल्यावर स्टँडजवळ तर्री-पोहे खाल्ले. तर्री डोळ्यांतून पाणी काढणारी, आणि ती तशीच असली पाहिजे. मग विचारत विचारत जुन्या भांड्यांचं दुकान गाठलं. बाहेर नवी भांडी टांगलेली असतात. जुनी आत, अंधारात, पोत्यांवर पडलेली असतात. ती कोणी आपणहून दाखवत नाही. "मोडीतली दाखवा" असं स्पष्ट म्हणावं लागतं.

दुकानातले आजोबा गल्ल्यावरून उठले नाहीत. "पाहा जी, ढीगच पडला हाय," एवढंच म्हणाले.

आता कामाचं. जुनं पितळ घेताना पहिल्यांदा लोहचुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. दुसरं, बोटाच्या पेरानं टकटक करा. चांगलं भांडं खणखणीत बोलतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तिसरं, बाटलीतलं पाणी ओता आणि खाली कागद धरा. डाख लावून भोक बुजवलेलं भांडं तुमच्यासमोर कितीही प्रामाणिक दिसलं तरी कागद ओला होतो. आतली कल्हई गेलेली असेल तर भाव पाडून मागा, पण घरी नेऊन आधी कल्हई करून घ्या, तशातच आंबट शिजवू नका. आणि भांडं हातात घेऊन "किती सुंदर!" असं चुकूनही म्हणू नका. मी दरवेळी म्हणते.

दोन तास ढीग उपसला. भांडी एकाहून एक, पण सगळी दहा-बारा माणसांच्या घरची. आणि सगळ्यांवर नावं. एका कोपरावर, म्हणजे मोठ्या पितळी परातीवर, तर पाच काकांची नावं रांगेनं होती, सगळ्यांनी वर्गणी काढून दिलेली.

"नाव घासून देतो ना," आजोबा म्हणाले.

"घासलेल्या जागी खड्डा पडतो हो. मला बिनानावाचं पाहिजे."

"बिनानावाचं जुनं भांडं कुठं भेटते जी? कोनी देल्लं असन म्हनून तर ते घरात आलं." त्यांनी जरा विचार केला. "उद्या अड्याळचा बाजार हाय. तिथं एक बाई बसते. तिच्याकडं पाहा."

संध्याकाळी स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. सातशे रुपये, गरम पाणी बादलीनं मिळतं, चादरी स्वच्छ. काउंटरवरच्या माणसानंही "एकट्याच का?" असं विचारलं. जेवायला खाली गेले तर सगळी टेबलं चौघांची. वेटरनं मला पंख्याखालच्या मोठ्या टेबलावर बसवलं आणि समोरच्या तीन खुर्च्या एकेक करून दुसऱ्यांनी उचलून नेल्या. जेवण चांगलं होतं. पण मला त्या संध्याकाळी फार एकटं वाटलं, हे लिहून टाकते, कारण प्रवासाच्या ब्लॉगवर बायका हे लिहीत नाहीत आणि मग वाचणारीला वाटतं, आपलंच काहीतरी चुकतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पवनीकडे जाणारी बस धरली. थंडी मजबूत होती. दोन्ही बाजूंना धान कापून झालेलं, बांध्यांमध्ये कापलेल्या धानाचे पुंजणे, म्हणजे ढीग, रचून ठेवलेले, मधेच एखादा तलाव. तासाभरात अड्याळ आलं. बाजाराचा दिवस आधी विचारूनच निघा. इतर दिवशी गेलात तर गाव बघून परत यावं लागेल. दहाच्या सुमारास पोचणं बरं. त्याच्या आधी दुकानं लागत नाहीत आणि दुपारनंतर चांगला माल उरत नाही.

बाजाराच्या तोंडाशीच जुन्या स्वेटरांचा ढीग होता. बाया दोन्ही हातांनी खालून वर उकरत होत्या, आणि तीच बरोबर पद्धत आहे. वरचा माल सगळ्यांनी नाकारलेला असतो. मी काखेतली आणि मनगटावरची शिवण पाहून एक राखाडी स्वेटर घेतला. लाखोळीच्या डाळीचे गरम वडे कागदात घेतले आणि खात खात भांडीवाली शोधली.

ती पोत्यावर बसली होती, साठीची, नाकात ठसठशीत नथनी. तिच्या ढिगात हात घातला आणि तिसऱ्याच मिनिटाला मला हवा तो सापडला. लहानसा गंज, जाड बुडाचा, काठ गोल वळलेला. चुंबक चिकटला नाही. आवाज खणखणीत. पाणी टिकलं. आणि चहूबाजूंनी फिरवून पाहिला तरी कुठे एक अक्षर नाही.

"याच्यावर नाव कसं नाही हो?"

"कोनी कोनाले देल्लाच नसन तो," ती म्हणाली. "पडला होता असाच."

मी "किती सुंदर!" म्हणाले आणि भाव पाडण्याचा हक्क गमावला. वजनावर जे झालं ते दिलं.

भांडी विकतात तिथे नाव टाकणारा असतोच. चार पावलांवर एक काका स्टुलावर बसले होते. शेजारी बॅटरी, हातात कोरायचं मशीन, आणि त्यांची बायको भांडी पुसून पुढे सरकवत होती. माझ्या मागे एक मायलेकी लेकीच्या लग्नाची भांडी घेऊन उभ्या राहिल्या.

"काय टाकू जी?"

"सुनंदा."

"कोनाकडून?"

"कोणाकडून नाही."

"लगन हाय का वास्तू?"

"काहीच नाही. नुसतं नाव टाका."

काकांनी मशीन खाली ठेवलं. माझ्या रिकाम्या कपाळाकडे पाहिलं, फिक्या साडीकडे पाहिलं आणि आवाज एकदम खाली आणला. "बसा जी. ताईले पानी दे वं." बायकोनं मला स्वतःखालचं पोतं दिलं, पाणी दिलं. मागच्या मायलेकीसुद्धा गप्प झाल्या. मला वाटलं, काय माणुसकी आहे या गावात! मशीन घुर्र घुर्र करत राहिलं. मी पाणी प्याले.

"याचे पैसे नाई घेत आमी," काका गंज पुढे करत म्हणाले. "कोन होत्या जी तुमच्या? बहीन?"

मी वाचलं. सुरेख, टपोऱ्या अक्षरांत कोरलं होतं: 'कै. सुनंदा यांचे स्मरणार्थ'.

माणूस गेलं की इकडे घरचे भांडं विकत घेऊन देवळाला किंवा गावाच्या सामाईक भांड्यांत देतात, आणि त्याच्यावर फक्त गेलेल्याचं नाव असतं. देणाऱ्याचं नाव नाही आणि लग्न-बारसंही नाही, म्हणजे स्मरणार्थच, दुसरं काय असणार? हे मला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगून ठेवते.

"मीच आहे ती," मी म्हणाले.

काकांच्या बायकोनं कपाळावर हात मारला. "अवो! जित्या बाईले मारलं ना तुमी!"

काकांनी हात जोडले. "चुकलो जी माय. देनाराचं नाव नसलं का आमी तसंच समजतो."

मला हसू फुटलं. मागच्या मायलेकी हसल्या, भांडीवाली तिकडून हसली. मी इतकी हसले, की डोळ्यांत पाणी आलं, आणि हसू थांबल्यावर पाणी काही थांबेना. भर बाजारात, हातात स्वतःच्या स्मरणार्थचा गंज घेऊन मी रडत होते. काकांच्या बायकोनं माझा हात घट्ट धरून ठेवला होता. तिचा हात पितळेच्या पुडीनं काळा झालेला होता आणि तो सोडावासा वाटत नव्हता.

काकांनी कानस घेतली आणि मला पुसायला सुरुवात केली. बराच वेळ लागला. अक्षरं गेली, तिथे एक चकचकीत डाग राहिला, थोडा खोलगट.

"आता कोनाचं तरी नाव सांगा ताई," त्यांची बायको म्हणाली. "देनाराबिगर भांडं बरं नाई दिसत. भाऊ नाई का तुमाले?"

"आहे ना."

"मंग?"

मागे रांग वाढली होती. मी थकले होते. आणि खरं सांगायचं तर त्या माउलीसमोर पुन्हा एकदा 'कोणी नाही' म्हणायची मला लाज वाटली. "लिहा," मी म्हणाले. "सुनंदास सप्रेम भेट, बंधू विलास यांजकडून."

काकांनी लिहिलं. पैसे घेतलेच नाहीत.

परतीला अड्याळहून भंडारा, भंडाऱ्याहून नागपूर, दिवे लागायच्या आत घरी. दोन दिवसांचा सगळा खर्च हजार-बाराशेच्या घरात, भांडं आणि स्वेटर वेगळे. भंडाऱ्यातल्या ढिगाला एक अख्खा दिवस ठेवा आणि अड्याळला उरलेला. नाव टाकायचं असेल, तर काय लिहायचं ते घरूनच ठरवून जा.

पुढच्या आठवड्यात गंजाला कल्हई करून घेतली. आणि त्यानंतरच्या रविवारी दादा-वहिनी पहिल्यांदाच माझ्या फ्लॅटवर जेवायला आले. नावाची बाजू मी भिंतीकडे करून ठेवली होती, पण भात वाढायला गंज पानाशी आणला तेव्हा विसरले. दादानं तो उचलला, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचला.

"हा मी कधी दिला गं तुला?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. तिला माहीत होतं. तीस वर्षांत त्या घरातून कोणाला काय गेलं, हे तिच्याशिवाय कोणाला माहीत असणार?

"दिला होतास," मी म्हणाले.

दादा विचारात पडला. मग त्याचा चेहरा खुलला. "हो, हो! तुला नोकरी लागली तेव्हा असेल. बरोबर. इतवारीतल्या दुकानातून आणला होता." वहिनीकडे वळून म्हणाला, "पाहा. तू म्हणतेस, मी सुनंदाला कधी काही दिलं नाही."

वहिनीनं मान खाली घातली आणि वरण कालवलं. दादा जेवला, दोनदा भात घेतला, आणि दुसऱ्यांदा सांगताना त्या दुकानाचं वर्णनसुद्धा केलं.

मला राग येईल असं वाटलं होतं, पण आला नाही. ते गेल्यावर मी ओट्याशी गंज घासत उभी राहिले. बराच वेळ मला खरंच वाटत होतं, की नोकरी लागली त्या दिवशी दादा इतवारीतून हा गंज घेऊन आला होता, आणि दारातूनच त्यानं मला हाक मारली होती.