मोलकरणीची दोन वाक्यं

"हे पात्र तुझं. तुला वेगळा अभिनय करावा लागणार नाही," मॅडम म्हणाल्या आणि सगळा वर्ग हसला.

हसण्यात मीही होते. ती लाज अजून जात नाही.

बारावीला एक नाटक अभ्यासाला होतं. भिवंडीच्या आमच्या कॉलेजात मराठीच्या मॅडम पात्रं वाटून द्यायच्या आणि मोठ्यानं वाचून घ्यायच्या. मालकीणबाई, साहेब, मुलगा, सून, सगळे शहरातल्या मुलांकडे. मी दिघाशी गावच्या पाड्यावरची, आदिवासी. आई वळ गावातल्या गोडाऊनमध्ये खोके भरते. म्हणून मोलकरीण माझ्याकडे. तिला वाक्यं दोनच. "आले, बाईसाहेब." आणि "पाणी आणलंय."

मग ते नाटक ठाण्याला लागलं. "नाटक नुसतं वाचून कळत नाही, बघावं लागतं," हे मॅडमच म्हणाल्या. बस केली. तिकिटं वाटली. आणि नाट्यगृहापाशी उतरताना मला म्हणाल्या, "तू बॅगांजवळ थांब. तुमच्या पाड्यावर नाचगाणी असतातच की."

तिकीट माझ्या मुठीत. मी थांबले. वर्गभराच्या बॅगा राखत बसले, अख्खा पहिला अंक. मग डोकं फिरलं. ड्रायव्हरकाकांना म्हटलं, "बॅगा तुम्ही बघा," आणि सरळ आत घुसले.

दुसरा अंक सुरू झाला होता. मोलकरीण दाराशी उभी होती, हातात तांब्या. पुस्तकात ती आत येते एवढंच लिहिलंय. ती जाते असं कुठंच नाही, हे मला तेव्हा कळलं. ती तिथंच असते! मालकीणबाई नवऱ्याशी धडधडीत खोटं बोलत होत्या आणि ही ऐकत होती. खरं काय ते फक्त हिला माहीत. ती दोन पावलं पुढं आली, बाईंच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "पाणी आणलंय." बाईंची जीभच अडखळली.

वर्गात मी ते वाक्य किती वेळा खाली मान घालून म्हटलं होतं. माझ्या हातात काय दिलंय ते मॅडमनाही कळलं नव्हतं.

बसमध्ये मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या, "एखादी बॅग गेली असती तर? तुझ्या आईनं भरून दिली असती?"

घरी आईनं विचारलं, "काय बघलंस गो?" मी म्हटलं, "तुला बघलं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचन. तोच प्रसंग. त्याआधी मी उठून सांगितलं, नाटक तिच्या त्या वाक्यावर फिरतं. मॅडम म्हणाल्या, "गौण पात्र आहे ते. परीक्षेला येत नाही. वाच."

"न्हाय वाचणार."

"तोंडीचे मार्क कापीन."

"कापा."

मी उभी राहिले. त्यांच्या डोळ्यांत बघत. माझ्या वाक्याशिवाय पुढचं वाक्य कुणाला घेता येईना. तास संपेपर्यंत पुस्तक त्याच पानावर राहिलं.

त्यांनी मार्क कापले. मी तरी पास झाले. आता मराठीत एम.ए. करतेय, कॉलेजात शिकवायचंय म्हणून. मॅडम अजून त्याच कॉलेजात आहेत, रिटायर व्हायला बरीच वर्षं आहेत. बरंच झालं. दुसरीकडे नोकरी मिळाली तरी मी जाणार नाही. मला तीच स्टाफरूम हवीय, त्यांच्या शेजारची खुर्ची. मी त्यांना माफ करणार नाही. रोज सकाळी त्यांना मला मॅडम म्हणावं लागेल.