माणूस हललं तर?

माझ्या साडूंइतकं सावकाश खरेदी करणारं गिऱ्हाईक मराठवाड्यात दुसरं झालेलं नाही, आणि दुकानदारांचं नशीब बरं असेल तर होणारही नाही. मुरुमला सोयाबीन-तुरीची शेती करणारा हा पासष्टीचा माणूस. कुकर घ्यायचं ठरलं तेव्हा चार पाहुण्यांच्या घरी वरण जेवून आला. पाणी शुद्ध करायचं मशीन घेताना अर्ध्या गल्लीचं पाणी प्याला. पण एकदा घेतलेल्या वस्तूबद्दल त्यांनी कधी कुरकुर केली नाही. माझ्या माळ्यावर तीन मिक्सर बिघडून पडलेत. त्यांचा एकुलता एक अजून शेंगदाण्याचं कूट करतो. त्यामुळं त्यांना हसायचा मला अधिकार नाही, तरी मी हसतो.

कॅमेऱ्याच्या बाबतीत मात्र त्यांनी कहर केला. भारीतला डिजिटल कॅमेरा 'घ्यावा का न्हाय' यातच तीन वर्षं गेली. आमंत्रण असो नसो, तालुक्यातल्या लग्नांत ते नवरानवरीकडं न बघता फोटोग्राफरला खेटून उभे. "काका, जरा सरका की, तुमची टोपी येतीय," म्हणून पोरं दमली. उमरग्यापर्यंतच्या निम्म्या अल्बमांत ती टोपी आहे! पुढं पुढं लेन्सपासून सेन्सरपर्यंत सगळं त्यांना इतकं पाठ झालं, की अडलं तर तेच फोटोग्राफर त्यांना विचारू लागले. एकदा मी त्यांच्यासोबत सोलापूरला गेलो. दुकानदारानं तासभर कॅमेऱ्याचे गुण गायले. साडूंनी सगळं ऐकून नेहमीचाच प्रश्न टाकला, "समदं खरं हाय, पण माणूस हललं तर?"

"हलू नका म्हणायचं, काका," दुकानदार म्हणाला. साडू मागवलेला चहा तसाच ठेवून उठले. परतीच्या बसमध्ये मी चिडलो. "अहो, मोबाईल आहे की हातात! यंदाच्या सोयाबीनच्या पट्टीचे पैसे कशाला त्यात घालता?"

 घरी आल्यावर ट्रंकेतून जत्रेतला एक जुना फोटो काढून त्यांनी माझ्या हातात दिला. दोन वर्षांचे साडू, काजळ-तीट लावलेले, अगदी स्पष्ट. त्यांना धरून बसलेल्या आईचा चेहरा मात्र पुसल्यासारखा.

"म्या वळवळत हुतो. मला गच्च धरून ठेवायच्या नादात तीच हलली."

आईचा तेवढाच फोटो. पुढच्याच वर्षी ती गेली आणि थोरल्या बहिणीनं, आक्कानं, त्यांना वाढवलं. आता ऐंशीला टेकलेल्या आक्काची मान सारखी हलते, आणि मोबाईलमधले तिचे फोटोही तसेच पुसट येतात. मला माझ्या चिडण्याची लाज वाटली.

शेवटी दुसऱ्या एका दुकानदारानं गरगर फिरणाऱ्या पंख्याचा फोटो काढून दाखवला. तिन्ही पाती वेगवेगळी दिसली. तीन वर्षं अडलेला निर्णय मिनिटात झाला.

आक्काला अंगणात उन्हाला बसवलं. 'हलू नको' असं साडू एकदाही म्हणाले नाहीत. मोठा करून आणलेला फोटो तिनं दोन्ही हातांत धरला. सुरकुती न् सुरकुती उमटली होती. तिनं फोटोतल्या गालावरून बोट फिरवलं.

"आईबी अशीच दिसली असती रं, म्हातारी झाली असती तर."

साडू तिच्या शेजारी टेकले. "डोळंबी?"

"डोळं तर तिचंच हायत."

त्यांनी फोटो घेऊन डोळ्यांजवळ धरला. आईचे डोळे कसे होते, हे त्या माणसाला पासष्टाव्या वर्षी कळलं.